खडूने आखलेली पावलं

धाकटीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, किंवा फारच कमी येतं, आणि ती ते आमच्यापासून लपवते आहे. हा संशय चार महिने माझ्या मानगुटीवर बसलाय. बोलून दाखवला तर लोक पुरावा मागायचे. तिचे बाबा म्हणायचे, "तू पोलिसात हवी होतीस." पण उद्या सकाळी अकरा वाजता ती आणि तिच्या बँडमधले दोघे जाऊन मोठा साऊंड सेट घेऊन येणार आहेत. एकदा तो आला की दर शनिवारी तीन तास एक भला थोरला स्पीकर तिच्या पायाशी बसून तिच्या चांगल्या कानावर आदळत राहणार. तो कानही गेला तर काय, हा विचार मला झोपू देत नाही. म्हणून उठून बसले आहे. जे जे पाहिलं ते क्रमाने लिहून काढते, म्हणजे निदान माझं मला कळेल, आता काय करायचं ते.

आधी धाकटी कशी आहे ते सांगायला हवं. वय एकोणतीस. चष्म्याच्या दुकानात नोकरी. तिथे ती नंबर काढते, फ्रेम बसवते आणि नाकावर चष्मा टेकत नाही म्हणून रुसलेल्या गिऱ्हाइकांची समजूत घालते. दुकानाच्या जवळच एका मैत्रिणीबरोबर दोन खोल्यांत राहते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला असते. चालते भरभर, बोलते त्याहून भरभर, आणि स्वतःबद्दल काही विचारलं की हसून विषय बदलते. थोरली दूर राहते, तरी तिचं साधं पडसंसुद्धा आम्हाला फोनवर तासभर ऐकायला मिळतं. धाकटीचं सगळं आम्हाला बाहेरून कळतं.

सात वर्षांची असताना ती जिन्यावरून पडली आणि मनगट मोडून घेतलं. दोन दिवस तिने तो हात स्वेटरच्या बाहीत लपवला, कारण तिसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यक्रमात गाण्याची पहिली ओळ तिला एकटीला म्हणायची होती. ओळ म्हणून झाली, टाळ्या झाल्या, मग पायऱ्या उतरून माझ्याकडे आली, बाही वर केली आणि म्हणाली, "आता दुखतंय." मनगट वांग्यासारखं सुजलेलं आणि जांभळं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, आई असून कळलं नाही कसं म्हणून. त्यांचं ते बोलणं मी विसरलेली नाही, आणि कदाचित तेव्हापासूनच मला तिच्या बाह्या तपासायची सवय लागली.

दुकानात मात्र ती दुसऱ्यांची लपवाछपवी चटकन पकडते. एकदा जेवताना सांगत होती, एक म्हातारा ट्रकवाला तक्ता पाठ करून आला होता. सगळ्यात खालची ओळ घडाघड म्हणून मोकळा झाला. हिने मुकाट्याने तक्ता बदलला आणि म्हणाली, "आता ही म्हणा." त्याला पहिलं अक्षरही सांगता येईना.

"मग तू काय केलंस?" तिच्या बाबांनी विचारलं.

"चहा पाजला. आणि म्हटलं, काका, रस्त्याने माझी आईपण जात असते."

गाणं ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे सहा वर्षं शिकली. बाई घर बदलून गेल्या, हिचं कॉलेज, मग नोकरी, आणि गाणं बंद पडलं. तीन वर्षांपूर्वी एक सुतार दुकानात चष्मा घ्यायला आला. ही त्याच्या फ्रेमचे स्क्रू आवळताना स्वतःशीच गुणगुणत होती. तो म्हणाला, "ताई, आम्हाला गाणारी हवीच आहे." सुतार स्वतः बनवलेल्या लाकडी खोक्यावर बसून ते दोन्ही हातांनी वाजवतो. त्याचा मित्र भूगोल शिकवतो आणि गिटार वाजवतो, शिवाय हिच्या मागे दुसरा आवाज देतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. असा हा तिघांचा बँड. वाढदिवस, निरोप समारंभ, एकदा एका कारखान्याचा वर्धापनदिन. मी पहिल्या कार्यक्रमाला गेले तेव्हा धाकटीचा चेहरा पाहून गप्प झाले. चष्म्याच्या दुकानात ती चांगली आहे, पण तिथे ती अशी दिसत नाही.

आता कानाचं. या थंडीत तिला जबर सर्दी झाली. म्हणाली, डावा कान गच्च झालाय. पुढच्या रविवारी मी विचारलं तर म्हणाली, "सुटला." इतकंच. पण त्यानंतर ती फोन उजव्या कानाला लावायला लागली. पूर्वी ती फोन डाव्या खांद्यात दाबून उजव्या हाताने लिहून घ्यायची. आता उजव्या हातात फोन, आणि लिहायची वेळ आली की म्हणते, "मेसेज करा ना." रस्त्याने चालताना मी तिच्या डाव्या बाजूला आले की दोन पावलांत मागून वळसा घालून जागा बदलते. जेवायला टेबलाच्या डाव्या टोकाला बसते, म्हणजे आम्ही सगळे तिच्या उजवीकडे. एकदा ती भांडी घासत असताना मी मुद्दाम तिच्या डावीकडे उभी राहून सहज म्हटलं, "थोरलीला दिवस गेलेत." ही काही बोललीच नाही. बाहेरच्या खोलीतून तिचे बाबा मात्र पेपर टाकून धावत आले, आणि मग ते काही खरं नाही हे त्यांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

"काय झालं?" धाकटीने नळ बंद करून विचारलं.

"तुझी आई अफवा सोडतेय," हे म्हणाले.

नळ चालू होता, त्यामुळे तोही पुरावा धरता येईना.

त्यातच त्यांना तळ्याकाठच्या हॉटेलात दर शनिवारी संध्याकाळी गाण्याचं काम मिळालं. पहिलंच नेमाचं काम. अट एकच, साऊंड तुमचा तुम्ही आणायचा. आजवर ते मास्तरच्या शाळेतले जुने स्पीकर नेत होते. पण गेल्या काही महिन्यांत त्यांचा माईक सारखा शिट्टी मारायला लागला होता, ती कानात घुसणारी, लोक कानांवर हात ठेवतात तशी. याचं कारण मला नंतर कळलं. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून एक स्पीकर त्याच्याकडे तोंड करून पायाशी ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. धाकटी म्हणायची, मला माझंच ऐकू येत नाही, मॉनिटर वाढवा. तो वाढवला की त्यातला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरायचा आणि शिट्टी. तिघांचंही मत एकच पडलं, सिस्टिम जुनी झाली, नवी घ्यायला हवी. कुणाच्याही मनात आलं नाही की जिथून तक्रार येते आहे तिकडेही बघावं.

नवी सिस्टिम निवडायला त्यांनी गाठला हॅलोकाकांना. यांचं साऊंडचं दुकान आहे, विकतात, भाड्याने देतात, दुरुस्त करतात. साठीच्या आसपासचे, खिशात कायम टेस्टर. माईक हातात आला की फक्त "हॅलो" म्हणतात, पण वीस प्रकारांनी, म्हणून हे नाव. त्यांनी सांगितलं, दुकानात वाजवून सिस्टिम कळत नाही, दर रविवारी एक सेट घेऊन येतो, तुम्ही वाजवा, मग ठरवा. इतकी सवड असलेला दुकानदार मी पाहिलेला नाही. मला लगेच वाटलं, यात काहीतरी गोम आहे.

म्हणून पहिल्या रविवारी मी चहाचा थर्मास आणि अंड्याची सँडविचेस घेऊन ते जिथे सराव करतात त्या सुताराच्या कारखान्यात हजर झाले, तिच्या बाबांनाही ओढत नेलं. हॅलोकाकांनी आम्हाला बघितलं आणि खूश झाले. एका फळीचं टेबल केलं, दोन खुर्च्या मांडल्या.

"वहिनी, तुम्ही दोघं इथे बसा आणि गप्पा मारा."

"आम्ही गाणं ऐकायला आलोय."

"गाणं ऐकायचंच नाही. हॉटेलात कोण गाणं ऐकायला येतं? लोक बोलणार. तुमचं बोलणं एकमेकांना ऐकू गेलं पाहिजे, आणि बोलता बोलता गप्प झालात तर गाण्याचे शब्द कळले पाहिजेत. असं ज्या स्पीकरवर होईल तो घ्यायचा. बाकी सगळं थोतांड."

लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या नवराबायकोला असं सांगितलं की गप्पा मारा, तर पंचाईतच होते. हे म्हणाले, "बोल." मी म्हटलं, "तुम्ही बोला." शेवटी गच्चीवरच्या टाकीला गळती कुठून लागली यावर आम्ही वीस मिनिटं काढली, आणि शेवटाला खरोखरचं भांडलो. हॅलोकाका लांबून अंगठा दाखवत होते.

पहिला सेट दोन स्टँडवरच्या स्पीकरचा होता, पायाशी मॉनिटर. गाणं सुरू होण्याआधी काकांनी धाकटीला सांगितलं, "तू फिरत राहा. जिथे तुझा आवाज तुला सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांब." ती थांबली, तशी त्यांनी वाकून खडूने तिच्या बुटांभोवती रेघ मारली. जागा पक्की. त्यांची ही पद्धतच आहे, प्रत्येक गाणाऱ्याची पावलं आखून घेतात. धाकटी मॉनिटरसमोर उभी होती, पण सरळ नाही. डावीकडे वळून, म्हणजे मास्तरकडे तोंड करून. गाताना सारखी त्याच्याकडे बघत होती, त्याच्या तोंडाकडे, हाताकडे.

खोटं कशाला सांगू, मला आधी भलताच संशय आला. मास्तरला बायको आहे, दोन मुलं आहेत. घरी येताना मी हे तिच्या बाबांना म्हटलं तर ते रस्त्यात उभे राहिले.

"अगं, मास्तर? त्याच्याकडे बघून गिटारसुद्धा बेसूर होते."

"मग ती एकटक बघते कशाला?"

"त्याची चूक कधी होते ते बघत असेल."

पहिला सेट तिला पटला नाही. म्हणाली, डावीकडून काहीच येत नाही, मेलेला आहे तो स्पीकर. सुताराने दोन्ही स्पीकरांना कान लावून पाहिला, त्याला सारखेच वाटले. पण गाणारी ती, म्हणून सेट परत गेला.

दुसऱ्या रविवारी काकांनी खांबासारखा एकच उंच, बारीक स्पीकर आणला. तो बँडच्या मागे उभा करतात, म्हणजे गाणाऱ्यालाही तोच ऐकू येतो आणि लोकांनाही, पायाशी वेगळं काही ठेवावं लागत नाही. त्या दिवशी आम्ही टेबलावर थोरलीच्या सासूबद्दल बोलत होतो आणि एकमेकांचा शब्दन्शब्द कळत होता, तरी गाणं घरभर पसरल्यासारखं सगळीकडे होतं. शिट्टी नाही, घुमणं नाही. हॅलोकाका म्हणाले, "हाच. तीन माणसांच्या बँडला याच्यापेक्षा काही लागत नाही." मास्तर आणि सुतार तयार झाले. धाकटी म्हणाली, "नको. सगळं एकात एक मिसळतंय. मास्तरचा आवाज कुठे आहे तेच कळत नाही."

"मी इथेच उभा आहे गं बाई, तुझ्या शेजारी," मास्तर म्हणाला. तिच्या डावीकडून.

ती नुसतीच हसली. तोही सेट परत गेला.

तिसरा रविवार मी कधी विसरणार नाही. काकांनी एक छोटी डबी आणली होती, कमरेला अडकवायची, आणि तिला वायरने जोडलेली कानात घालायची दोन बोंडं. म्हणाले, मॉनिटर वाढवून शिट्टीच येणार असेल तर आवाज थेट कानातच घेऊ. धाकटी जरा मागे सरकली. मग बोंडं कानांत घातली, एक ओळ गायली, थांबली आणि डावं बोंड काढून म्हणाली, "काका, हे बंद आहे."

मास्तरने हात पुढे केला. "बघू, मला दे."

पण हॅलोकाका मध्ये आले. क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, ते बोंड तिच्या हातातून घेतलं, स्वतःच्या कानाला लावलं आणि म्हणाले, "हं. वायर आतून तुटलीय. राहू दे." आणि डबीसकट सगळं टेबलावर ठेवून दिलं.

ते टेबल म्हणजे आमचंच. ते तिघं स्पीकर उचलायला गेले. मास्तरची गिटार वायर न काढता जागेवर होती, सुताराचा पोरगा कुठूनसा येऊन तिच्या तारा छेडत होता. मी डबी उचलली, दोन्ही बोंडं कानांत घातली. उजव्यात गिटार. डाव्यातही गिटार, काचेसारखी स्वच्छ.

म्हणजे धाकटी खोटं बोलली, आणि हॅलोकाकाही खोटं बोलले.

त्या दिवशी मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि कारखाना झाडायचं निमित्त करून मागे राहिले. फरशीवर तिन्ही रविवारची पावलं होती. मास्तरची सरळ, समोर. सुताराच्या खोक्याचे चार कोपरे. आणि धाकटीची तीन जोडपावलं, तीन वेगवेगळ्या सिस्टिमची, वेगवेगळ्या जागी, पण तिन्ही डावीकडे वळलेली, उजवा खांदा पुढे. मी चपला काढून एका जोडीत उभी राहिले. माझ्या समोर प्रेक्षक नव्हते, सुताराने रचून ठेवलेल्या फळ्या होत्या. अशी उभी राहून कोण गातं? उजवा कान पुढे न्यायचा असेल, आणि डावीकडच्या माणसाचं डोळ्यांनी ऐकायचं असेल तोच. मी झाडू घेऊन बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाही. पावलं पुसवली नाहीत.

घरी आल्यावर तिच्या बाबांना सगळं सांगितलं. ते यावेळी हसले नाहीत. पण माझ्या मनात धुमसत होतं ते हॅलोकाकांचं. मुलीने का लपवलं ते मी समजू शकते. यांनी का लपवलं? मनात एकच उत्तर येत होतं. खांबाचा सेट छोटा, तो नाकारला. कानातलं नाकारलं. आता उरला होता तो सगळ्यात मोठा सेट, दोन मॉनिटरवाला, आणि सोमवारी धाकटीने फोनवर सांगितलंही, "आई, ठरलं. मोठा घेतोय. गुरुवारी आणायचा." म्हटलं, माझ्या मुलीच्या कानावर या माणसाने आपला माल खपवला.

आज संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात गेले. अरुंद गाळा, दोन्ही बाजूंनी छतापर्यंत रचलेले स्पीकर, बरेचसे पोट फाडून ठेवलेले. काका खाली बसून एका स्पीकरचा फाटका कागद गोंदाने चिकटवत होते.

"या वहिनी. आज सँडविच नाही?"

"ते डावं बोंड दुरुस्त झालं का?"

"झालं."

"ते बिघडलंच नव्हतं. मी लावून बघितलं."

त्यांनी ब्रश गोंदात बुडवला. "तुम्ही सगळंच लावून बघता का?"

"माझ्या मुलीचं असेल तर बघते."

ते कडेचा कागद बोटाने दाबत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे लोक येतात, म्हणतात माईक खराब आहे. बहुतेक वेळा माईक चांगला असतो. घसा बसलेला असतो, नाहीतर धरता येत नाही. पण मी म्हणतो, हो, तपासायला हवा. चारचौघांत कसं सांगणार?"

"मी चारचौघांत नाही विचारत."

"पहिल्याच रविवारी कळलं मला. पावलं आखतानाच. गाडीत सामान चढवताना तिला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, काका, हॉटेलचं एकदा सुरू होऊ दे, मग दाखवते डॉक्टरला. तोवर कुणाला बोलू नका. मास्तरला कळलं तर तो दुसरी गाणारी बघेल."

"बघेल?"

"सुतार नाही बघायचा. मास्तरचं सांगता येत नाही. घाबरट आहे."

"आणि मोठा सेट?"

"तो तिने मागितला. मी अजून खांबच सांगतो. तिला पायाशी मोठा मॉनिटर हवाय, म्हणजे सगळं उजव्या कानात येईल. मी म्हटलं, बाई, एका कानाला दोन कानांचं ओझं देतेस, तोही बसेल. म्हणाली, तेवढ्यात मी काहीतरी बघते."

"आणि तरी तुम्ही द्यायला तयार झालात."

हे त्यांना लागलं. ब्रश खाली ठेवला, हात पॅन्टला पुसले. "हो, झालो. नाही म्हटलं असतं तर ती दुसऱ्याच्या दुकानात जाऊन तोच सेट घेऊन आली असती, आणि तिथे पावलं कुणी आखली नसती." मग दुसरीकडे बघत, "मला पक्ष्यांचा आवाज ऐकू येऊन बारा वर्षं झाली, वहिनी. बारीक आवाज सगळे गेले. सकाळी बायको म्हणते, ऐका, किती ओरडतायत. मी म्हणतो, हो ना."

"तुम्ही बायकोला सांगितलं नाहीत?"

"साऊंडवाल्याने सांगायचं, मला ऐकू येत नाही?"

मग त्यांनीच पुढे सांगितलं की डॉक्टर काय म्हणेल ते म्हणेल, पण गाणं बंद करायची गरज नाही. खांब घ्यायचा, तिच्या उजव्या अंगाला आणायचा, मास्तरला डावीकडून उठवून उजवीकडे उभा करायचा. निम्मा त्रास तिथेच संपतो. फक्त मास्तरला जागा बदल असं सांगताना कारण सांगावं लागेल.

निघताना ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल तर मी उद्या सांगतो, सेट आलाच नाही. पुढच्या आठवड्यात या. तेवढ्यात तुम्ही बघा काय करायचं ते. तिला कळायचं नाही."

मी म्हटलं, सकाळी कळवते. आणि वाटेत मला ते अगदी पसंत पडलं होतं. इतकंच नाही, घरी येऊन मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात फोन करून शुक्रवारची वेळ घेतली, माझ्या नावाने. माझा कान दुखतोय म्हणून तिला सोबत न्यायचं, आणि आत गेल्यावर डॉक्टरांना खुणेने सांगायचं की हिचा बघा. मी किती हुशार आहे असंच मला वाटत होतं. जेवताना हे सगळं तिच्या बाबांना सांगितलं.

ते ऐकत होते. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. म्हणाले, "आणि तू तिला विचारलंस कधी?"

"काय?"

"हेच. तुझा कान गेलाय का."

मी म्हटलं, विचारलं होतं की, थंडीत, तेव्हा म्हणाली सुटला. पण ते फेब्रुवारीतलं. त्यानंतर मी तिच्या पर्समध्ये बघितलं, कानात घालायच्या थेंबांची रिकामी बाटली सापडली ती परत ठेवून दिली. भांड्यांच्या ढिगाशी परीक्षा घेतली. फरशीवरच्या रेघा मोजल्या, लोकांची बोंडं कानात घातली, एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच दुकानात धारेवर धरलं. तिला मात्र समोर बसवून एकदाही विचारलेलं नाही. विचारलं आणि ती पुन्हा "सुटला" म्हणाली, तर मला मान हलवून गप्प बसावं लागेल, ही एक भीती. आणि ती "हो" म्हणाली, तर ते खरं होईल, ही दुसरी. आम्ही सगळेच तिच्याभोवती खोटं बोलतोय, ती, काका, आणि उद्यापासून मीही, आणि त्यात दिवस जातायत. कानाचं लवकर बघावं लागतं, उशीर झाला की औषध लागू पडत नाही, हे दवाखान्यातली मुलगीच मला फोनवर म्हणाली होती, माझ्या खोट्या दुखण्याबद्दल.

तिचे बाबा झोपलेत. एक वाजत आलाय. हे सगळं लिहून झाल्यावर मला एक गोष्ट स्वच्छ दिसतेय, हॅलोकाकांना सकाळी फोन करून "सेट आला नाही म्हणा" असं मी सांगणार नाही. शुक्रवारची वेळ राहू दे, पण ती तिच्या नावाने करून घेईन, आणि आत जायचं की नाही ते ती ठरवेल. मास्तरला सांगायचं की नाही, तेही. मी फक्त एवढंच म्हणणार आहे की मला माहीत आहे, मी रागावलेली नाही, आणि गाणं बंद कर असं मी म्हणणार नाही. खांबाचं तिने स्वतः पुन्हा एकदा ऐकून बघावं, मास्तर उजवीकडे असताना.

सकाळपर्यंत थांबले तर अकरा वाजतील आणि मी पुन्हा काहीतरी युक्ती काढीन, मला माझी खात्री नाही. म्हणून आत्ताच तिला फोन करते आहे. उजव्या कुशीवर झोपली असेल तर चांगला कान उशीत असेल आणि रिंग ऐकूच जाणार नाही. मग पुन्हा करीन. तरी उचलला नाही तर तिच्या मैत्रिणीला उठवीन आणि म्हणेन, हिला हलवून जागी कर, आईला बोलायचंय.